पत्त्यांवरील द्वंद्व

अमेरिकेच्या व्हर्जिनिया संस्थानांतील रिचमंड शहरीं 'ॲलन अँड गिंटर' या नांवाची तंबाखूची एक पेढी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरभराटीस आलेली होती. त्या काळीं सिगारेटचें पाकीट मऊ कागदाचें असे आणि आंतील माल चुरगळूं नये म्हणून त्यांत जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा घालीत. कोरा पुठ्ठा घालण्यापेक्षां त्यावर सुबक चित्र छापलें, तर गिऱ्हाईक पुढचें पाकीटहि आपलेंच मागेल, ही गोष्ट व्यापाऱ्यांच्या ध्यानीं यावयास फार वेळ लागला नाहीं. १८८७ सालीं या पेढीनें 'जगांतील अजिंक्य वीर' अशा अर्थाच्या नांवाची पन्नास चित्रांची एक माला काढली. तींत बेसबॉल खेळणारे होते, नावा वल्हविणारे होते, नेमबाज होते, कुस्तीगीर होते आणि जॉन सलिव्हनसारखे त्या वेळचे नामांकित मुष्टियोद्धेहि होते. चित्रें फुकट, पैसे फक्त तंबाखूचे.

आतां दोन मुलांनीं यांतील दोन मुष्टियोद्ध्यांचीं चित्रें समोरासमोर ठेवलीं, तर जिंकलें कोण? या प्रश्नाचें उत्तर त्या पुठ्ठ्यावर नव्हतें. चित्र पाहावें, जमवावें, जास्तीचें असल्यास मित्राशीं बदलावें, यापलीकडे त्याचा उपयोग नव्हता. मालाबरोबर वाटावयाच्या एवढ्याशा पत्त्यावर खरेंखुरें द्वंद्व उतरवितां येईल काय, आणि यावयाचें असेल तर पत्त्यावर छापावें तरी काय, हा प्रश्न पुढें शंभर वर्षांनीं अधिक जोरानें उभा राहिला. कारण तोंपर्यंत योद्धे हाडामांसाचे राहिले नव्हते. ते व्हिडिओच्या पडद्यावर गेले होते.

जपानांतील ओसाका शहराच्या कॅपकॉम कंपनीनें १९९१ सालीं 'स्ट्रीट फायटर टू' हा व्हिडिओ-खेळ बाजारांत आणला. नाणें टाकून खेळावयाच्या उभ्या यंत्रापुढें दोघांनीं शेजारीशेजारी उभें राहावयाचें, आठ योद्ध्यांपैकीं एकेक निवडावयाचा आणि पडद्यावर त्यांची झुंज लावावयाची. तीन फेऱ्यांपैकीं दोन जो मारील तो विजयी. हरलेल्यानें दुसरें नाणें टाकावें किंवा मागें ताटकळत असलेल्यास जागा द्यावी. त्या आठांमध्यें जपानचा रियू व सुमो-मल्ल होंडा, चीनची चुन-ली, रशियाचा धिप्पाड कुस्तीगीर झँगीफ, अमेरिकेचे केन व गाईल, ब्राझीलचा ब्लँका आणि भारताचा म्हणून एक योगी होता. त्याचें नांव धालसिम. गळ्यांत कवट्यांची माळ, हातपाय रबरासारखे वाटेल तितके लांबणारे आणि तोंडांतून अग्नीचा लोळ! अष्टांगयोगाचें हें नववें अंग पतंजलीच्या दृष्टीस कसें पडलें नाहीं, याचें भारतीय श्रोत्यांस नवल वाटेल. तथापि लांबून मारा करणारा हा योगी जगभरच्या मुलांच्या परिचयाचा झाला, यांत शंका नाहीं.

हा खेळ खेळावयास एक दांडा व सहा बटणें असत. तीन बटणें ठोशांचीं, तीन लाथांचीं. रियूच्या तळहातांतून तेजाचा गोळा सोडावयाचा, तर दांडा आधीं खालीं, मग खालच्या बाजूस पुढें तिरपा, मग सरळ पुढें न्यावयाचा आणि त्याच क्षणीं ठोशाचें बटण दाबावयाचें. पडद्यावरील चित्र सेकंदास साठ वेळां बदलतें. खेळाडूच्या बोटांचा हिशोबहि त्याच मापानें होतो. सेकंदाच्या कांहीं साठांशांनीं एक ठोसा दुसऱ्या ठोशाच्या आधीं पोंचतो. ज्याचीं बोटें शिकलेलीं आहेत त्याच्यापुढें नवखा खेळाडू पहिली फेरीसुद्धां धड उभा राहून काढीत नाहीं. हरल्यावर त्यास असें वाटतें कीं, आपण बोटांच्या मंदपणामुळें हरलों. पुष्कळदां तें खरेंहि असतें. परंतु दोन तुल्यबळ जाणते खेळाडू समोरासमोर उभे राहिले म्हणजे बोटांचा प्रश्न उरत नाहीं, आणि तरीहि एक जिंकतो व एक हरतो. मग तेथें झुंज कशाची चालते?

या खेळांत दांडा मागें ओढून धरला कीं योद्धा हात आडवे करून बचाव करतो, आणि समोरच्याचे साधे ठोसे वायां जातात. एवढेंच असतें तर सर्वांनीं दांडा मागें धरून स्वस्थ उभें राहिलें असतें. पण बचाव करीत उभ्या असलेल्या योद्ध्यास अगदीं जवळ जाऊन धरतां येतें आणि उचलून आपटतां येतें. पकडीपुढें बचाव चालत नाहीं. झँगीफची सारी मातब्बरी या पकडींतच आहे. बरें, पकडीसाठीं जवळ येऊं पाहणाऱ्यास काय करावें? त्यास वाटेंतच ठोसा हाणावा. म्हणजे प्रहार पकडीस मारतो, पकड बचावास मारते आणि बचाव प्रहारास निष्फळ करतो. तिघांत श्रेष्ठ कोणी नाहीं, कनिष्ठहि कोणी नाहीं. योद्ध्यांचीं वस्त्रें, ज्वाळा, आरोळ्या आणि बोटांची चपळाई बाजूस काढली, तर तळाशीं हें एक चक्र उरतें.

हें चक्र जपानी लोकांस नवें नव्हतें. 'दगड-कागद-कात्री' हा हातांचा खेळ आपल्याकडील मुलें खेळतात. जपानांत त्यास 'जानकेन' म्हणतात. पण त्याहूनहि जुने असे याच जातीचे हातांचे खेळ तेथें होते. एकांत बेडूक, साप आणि बिनशंखाची गोगलगाय असे तिघे असत. साप बेडकास खातो, बेडूक गोगलगायीस खातो आणि गोगलगाय सापास मारते, अशी कल्पना. दुसऱ्या एका खेळांत कोल्हा, शिकारी आणि गांवचा मुख्य, म्हणजे आपल्याकडील पाटीलच म्हणावयाचा, हे तिघे येतात. कोल्हा पाटलास भूल घालतो, पाटलाचा हुकूम शिकाऱ्यावर चालतो आणि शिकारी कोल्ह्यास बंदुकीनें टिपतो. खेड्यांतील सत्तेचें यापेक्षां मार्मिक चित्र एखाद्या कादंबरींतहि क्वचितच सांपडावें. तिघेहि एकमेकांस भिऊन आहेत, म्हणून कोणीच निर्धास्त नाहीं; आणि कोणीच निर्धास्त नाहीं, म्हणूनच खेळ चालतो.

पत्तेहि जपानांत परके नव्हते. सोळाव्या शतकांत पोर्तुगीज व्यापारी तेथें पोंचले, त्यांच्याबरोबर पानांचा खेळ गेला, आणि पोर्तुगीज 'कार्ता' या शब्दाचा जपानी 'कारुता' झाला. आज व्हिडिओ-खेळांसाठीं जगभर नांवाजलेली निंतेंदो ही कंपनी १८८९ सालीं क्योतो येथें निघाली ती फुलांचीं चित्रें काढलेले अठ्ठेचाळीस पत्ते विकण्यासाठीं! म्हणजे पत्त्यांकडून व्हिडिओकडे आणि व्हिडिओकडून पुन्हा पत्त्यांकडे ही ये-जा तेथें घरांतल्या घरांत चालावी तशी चालत आलेली आहे.

तेथील मुलांचा 'मेन्को' नांवाचा एक खेळ येथें विशेष लक्षांत घेण्यासारखा आहे. जाड पुठ्ठ्याचा पत्ता जमिनीवर ठेवलेला असतो. त्याच्याजवळ दुसऱ्यानें आपला पत्ता इतक्या जोरानें आपटावयाचा कीं, वाऱ्याच्या झोतानें पहिला उलटा व्हावा. उलटला कीं आपला झाला. या पत्त्यांवर सामुराई वीर, सुमो-मल्ल, पुढें बेसबॉलपटू व चित्रपटांतील नायक छापलेले असत. पण पुष्कळ पत्त्यांवर त्याखेरीज आणखी दोन गोष्टी असत: एक लांबलचक आंकडा आणि दगड, कागद किंवा कात्री यांपैकीं एकाची बारीकशी खूण. ज्यांना आपटाआपटी करावयाची नसेल त्यांनीं आंकडे ताडून पाहावे किंवा खुणा ताडून पाहाव्या. एवढ्याशा पुठ्ठ्यावर छापखानेवाल्यानें तीन खेळ बसविले होते.

या दोन छापील खेळांत मोठाच भेद आहे. आंकड्याच्या खेळांत ज्याच्याजवळ मोठा आंकडा त्याचा जय. मुलानें विचार करावा असें त्यांत कांहीं नाहीं. मोठा आंकडा ज्याच्या नशिबीं आला किंवा ज्यानें तो विकत घेतला, तो जिंकतो. भारतांतहि १९९० नंतरच्या दशकांत शहरी मुलांच्या दप्तरांतून अमेरिकन कुस्तीगिरांचीं 'ट्रंप कार्डें' असत. कोणाची उंची किती, वजन किती, लढती किती, हें त्यांवर छापलेलें असे. सर्वांत वजनदार पहिलवानाचें पान ज्याच्या हातीं आलें, त्यानें 'वजन' असें म्हणावें आणि समोरच्याचें पान घ्यावें. वर्गांत मागच्या बाकावर हा खेळ मोठा रंगे. पण तो आंकड्यांचा बाजार होता, ती कुस्ती नव्हे. खुणेचा खेळ याहून वेगळा. तरी त्यांतहि एक अट आहे. गठ्ठ्यांतील वरचें पान डोळे झांकून उलटलें, तर तो निव्वळ योगायोग. मुलाच्या हातांत निदान तीन पानें असलीं, त्यांतील एक त्यानें लपवून निवडलें आणि दोघांनीं एकाच वेळीं उलटलें, तरच तें द्वंद्व होतें. निवड आणि गुप्तता या दोन गोष्टी छापखान्यांत छापतां येत नाहींत. त्यांस जागा ठेवावी लागते.

जाहिरातीचे पत्ते छापणाऱ्यांनीं ही जागा सहसा ठेवली नाहीं. त्याचें कारण कल्पनेचा अभाव हें नसून हिशोब हें आहे. मोठ्या आंकड्याचें दुर्मिळ पान मिळेपर्यंत मुलगा पाकिटें घेत राहतो. तीन साध्या पानांवर ज्याचें समाधान झालें, तो चौथें पाकीट कशाला घेईल? १९७१ सालीं जपानांतील कॅल्बी कंपनीनें 'कामेन रायडर' या दूरचित्रवाणीवरील मुखवटाधारी वीराच्या नांवाचा एक खाऊ काढला. पाकिटाबरोबर त्या वीराचें एक चित्र मिळे. मुलांनीं चित्रें ठेवून घेतलीं आणि खाऊ गटारांत फेंकला! ठिकठिकाणीं फेंकलेला खाऊ पाहून पालक व शिक्षक हळहळले, वृत्तपत्रांतून ओरड झाली. पुढें १९८५ सालीं लॉट्टे कंपनीच्या तीस येनांच्या 'बिक्कुरिमान' चॉकलेटाबरोबर देव व दैत्य यांच्या युद्धाचीं चिकटचित्रें मिळूं लागलीं, तेव्हां हाच प्रकार पुन्हा घडला. चॉकलेट हें चित्राचें वेष्टन झालें होतें.

जपानांत अवाजवी बक्षिसांविरुद्ध १९६२ सालीं कायदा झालेला आहे. निरनिराळीं चित्रें जुळवून संच पुरा करणारास बक्षीस द्यावयाचें, या प्रकारास त्या कायद्याखालील नियमांनीं बंदी केलेली आहे. कारण पहिलीं चित्रें लवकर मिळतात आणि शेवटचें एक कांहीं केल्या मिळत नाहीं, आणि त्या एकासाठीं मूल अडून बसतें. हा नियम जुन्या खाऊच्या पाकिटांसाठीं. परंतु २०१२ सालच्या मे महिन्यांत तेथील ग्राहक-व्यवहार खात्यानें तोच नियम मोबाइल-खेळांस लावला. त्या खेळांतून पैसे भरून चित्रांची सोडत काढावयाची आणि ठराविक चित्रांचा संच जमला कीं दुर्मिळ चित्र मिळावयाचें, अशी योजना असे. कागदाचा पत्ता जाऊन प्रकाशाचा आला, तरी शेवटच्या एका चित्रासाठीं अडून बसणारें मूल तेंच होतें, हें त्या खात्यानें ओळखलें. कायद्याच्या जुन्या पोथींतून नवा चोर सांपडावा, असा प्रसंग विरळा.

'स्ट्रीट फायटर'चे योद्धेहि या बाजारांतून सुटले नाहींत. १९९३ सालीं अमेरिकेंतील टॉप्स या कंपनीनें त्यांचीं चित्रें पाकिटांतून विकलीं. त्याच वर्षीं रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाचा 'मॅजिक' हा पत्त्यांचा खेळ निघाला आणि न पाहतां पाकीट घ्यावयाचें, त्यांत निघतील तीं पानें आपल्या गठ्ठ्यांत घालावयाचीं, ही पद्धत रूढ झाली. २००६ मध्यें निघालेल्या 'युनिव्हर्सल फायटिंग सिस्टम' या खेळांत 'स्ट्रीट फायटर'चे वीर याच पद्धतीच्या पत्त्यांवर उतरले. खेळ म्हणून त्यांत बुद्धीस वाव नव्हता असें नाहीं. पण यंत्रापुढील झुंजींत जें न्यायाचें तत्त्व होतें, तें येथें सुटलें. यंत्रांत एकदां नाणें पडलें कीं श्रीमंताच्या मुलास व गरिबाच्या मुलास आठच योद्धे मिळत आणि रियूचा ठोसा दोघांच्या हातीं सारखाच लागे. पाकिटांच्या पद्धतींत खेळाचा कांहीं भाग दुकानांतच उरकलेला असतो.

यांतून वाट काढणारा एक खेळ २०११ सालीं अमेरिकेंत निघाला. त्याचा कर्ता डेव्हिड सर्लिन हा स्वतः 'स्ट्रीट फायटर'च्या सामन्यांत खेळलेला. २००८ मध्यें त्या खेळाची एक जुनी आवृत्ति नव्यानें निघाली, तेव्हां योद्ध्यांचें बळ समतोल करण्याचें काम त्याच्याकडे होतें. बोटांचा भाग वजा करून झुंज पत्त्यावर आणावयाची, असें त्यानें ठरविलें आणि खेळास नांव दिलें 'योमी'. हा जपानी शब्द आहे. त्याचा अर्थ वाचन. पुस्तकाचें नव्हे, समोरच्याच्या मनाचें. प्रत्येक योद्ध्याचा गठ्ठा ठरलेला. नेहमींच्या कॅटाप्रमाणें एक्क्यापासून राजापर्यंत चार रंगांचीं पानें आणि वर जोकर. कोणत्याहि पेटींत दुर्मिळ पान नाहीं. जें एकास मिळतें तें सर्वांस मिळतें.

प्रहार, पकड व बचाव यांचें चक्र येथें जसेंच्या तसें आहे. दोघेहि आपलें एकेक पान पालथें ठेवतात व एकदम उलटतात. दोघांनींहि प्रहार केला, तर ज्याच्या प्रहाराचा वेग अधिक तो लागतो. साठांश सेकंदाचा हिशोब पत्त्यावरच्या एका आंकड्यांत येऊन बसला. पण खरी युक्ति पुढें आहे. बहुतेक पानांच्या दोन टोकांस दोन वेगवेगळ्या चाली छापलेल्या असतात. पान एका बाजूनें धरलें तर प्रहार, उलटें धरलें तर बचाव किंवा पकड. म्हणजे आपल्या हातांत काय आहे हें आपणांसहि आधीं ठरवितां येत नाहीं, खेळतांना ठरतें. शिवाय प्रहाराचें पान एकदां खेळलें कीं गेलें, परंतु यशस्वी बचावाचें पान हातीं परत येतें आणि वर एक नवें पान ओढावयास मिळतें. त्यामुळें बचाव करणारा धनवान् होत जातो व मारणारा रिता. हात भरलेल्या माणसाकडून बचावाची अपेक्षा कमी, म्हणून त्यावर पकड टाकण्यांत अर्थ कमी. हात रिता झालेला माणूस बचाव करणार हें जवळजवळ उघड, म्हणून तो पकडींत सांपडण्याचा संभव अधिक. हातांतील पानांच्या संख्येवरून मन वाचतां येतें तें असें.

पत्त्यावर सगळेंच येतें असें मात्र नव्हे. यंत्रावरील झुंजींत अंतर ही मोठी गोष्ट आहे. धालसिमचा लांब हात जेथें पोंचतो व झँगीफची पकड जेथें पोंचत नाहीं, त्या दोन पावलांच्या पट्ट्यांत सारा डाव असतो. जाणते खेळाडू फेरीचा बराच वेळ एकमेकांस न शिवतां पुढेंमागें होत राहतात. पत्त्यांच्या खेळांत दोघेहि टेबलाच्या दोन बाजूंस बसून राहतात, आणि हें येरझारणें हरवतें. ज्यांनीं यंत्रावरची झुंज पाहिली आहे, त्यांस ही उणीव जाणवेल. ती भरून काढण्याचे प्रयत्न करतां करतां कांहीं खेळ इतके किचकट झाले आहेत कीं, नियम वाचतांनाच उत्साह मावळावा.

जाहिरातीसाठीं वाटावयाच्या खेळास तर साधेपणा हा पहिला गुण. नियम पाकिटाच्या एका बाजूवर मावले पाहिजेत आणि डाव चहा निवण्यापूर्वीं संपला पाहिजे. असा खेळ किती थोड्या सामग्रींत होतो, हें घरच्या कॅटावरहि पाहतां येईल. प्रत्येकानें तीन एक्के घ्यावे: इस्पिकचा प्रहार, चौकटचा पकड आणि बदामचा बचाव. घरांत दोन कॅट असले म्हणजे दोघांची सोय झाली. प्रत्येकाजवळ दहा आगकाड्या. हेंच त्याचें बळ. प्रहारानें पकड मोडली तर समोरच्याच्या चार काड्या गेल्या. पकडीनें बचाव मोडला तर दोन. बचावानें प्रहार अडविला तर एक. सारखीं पानें पडलीं तर कांहींच नाहीं. ज्याच्या काड्या संपतील तो हरला.

प्रथम असें वाटेल कीं, चार काड्या मिळवून देणारा प्रहार हाच वरचेवर करावा. गणित वेगळें सांगतें. सात डावांपैकीं चार वेळां बचाव, दोन वेळां प्रहार आणि एकच वेळां पकड, अशा प्रमाणांत, पण कांहींहि क्रम न ठेवतां जो खेळेल, त्यास सरासरीनें कोणीहि लुटूं शकत नाहीं. प्रहार जितका जबर, तितकी पकड टाकण्याची छाती होत नाहीं. पकडीची भीति कमी झाली कीं बचाव स्वस्त होतो. आणि सगळेच बचाव करूं लागले कीं प्रहारास कोणी सांपडत नाहीं. जबर ठोशानें मारामारी वाढत नाहीं, दबकून बसणें वाढतें. यंत्रावरच्या खेळांत एखाद्या योद्ध्याचा ठोसा कंपनीनें फार जबर केला म्हणजे प्रेक्षकांस झुंज कंटाळवाणी कां वाटूं लागते, याचें एक कारण या सात डावांच्या हिशोबांत आहे.

पण याच हिशोबाची दुसरी बाजू अधिक चमत्कारिक आहे. सातांचें हें प्रमाण पाळणाऱ्यास कोणी हरवूं शकत नाहीं, तसें तोहि कोणास हरवूं शकत नाहीं. समोर एखादा अगदीं भोळा खेळाडू बसून प्रत्येक वेळीं प्रहारच करीत असला, तरी सरासरीनें बरोबरीच! कारण प्रमाण पाळणारा त्याच्याकडे पाहतच नाहीं. भोळ्यास हरवावयाचें तर त्यास वाचावें लागतें, 'हा पुन्हा प्रहारच करणार' असें धरून चालावें लागतें आणि आपलें प्रमाण सोडावें लागतें. ज्या क्षणीं तें सोडलें, त्या क्षणीं आपणहि वाचले जाण्यास मोकळे झालों. सर्लिननें खेळास 'वाचन' हें नांव दिलें, त्यांतील धोक्याचा भाग तो हा.

समजा, एक थोरली बहीण व तिचा धाकटा भाऊ असा डाव मांडून बसले आहेत. चार काड्यांच्या लोभानें भाऊ पहिल्या डावास इस्पिक टाकतो. बहीण त्यास जन्मापासून ओळखते. तिचा बदाम तयार असतो. एक काडी गेली. पुन्हा इस्पिक, पुन्हा बदाम. तिसऱ्यांदा तेंच. भावाच्या सात काड्या उरल्या. आतां त्यास उमगतें कीं ताई बचावच करते, आणि ओठ आवळून तो चौकट टाकतो. परंतु ओठ आवळतांना तो टेबलाकडे न पाहतां ताईकडे पाहतो, एवढें तिला पुरे होतें. तिचा इस्पिक पडतो. चार काड्या एकदम गेल्या; तीन राहिल्या. घाबरून तो बदामामागें लपतो, आणि बहीण शांतपणें चौकट उलटते. एक काडी राहिली. बहिणीच्या दहाच्या दहा शाबूत आहेत.

"ताई, आतां ओळख," असें म्हणून भाऊ तिन्ही पानें पाठीमागें नेतो, न पाहतां पिसतो आणि त्यांतील एक पालथें ठेवतो. त्याचें त्यासच ठाऊक नाहीं कीं तें कोणतें. त्याच्या चेहऱ्यावर वाचावयास आतां कांहीं नाहीं. बहीण प्रथमच थांबते. तिन्ही पानांचा संभव सारखा असेल तर हिशोबानें प्रहार बरा: लागला तर चार, अडला तर एकच जाईल. ती इस्पिक ठेवते. दोघेहि पानें उलटतात. भावाचा बदाम निघतो, आणि बहिणीची पहिली काडी जाते.